दम कुठे घ्यायचा

कपड्यांच्या कपाटात उभा राहून गायलो.
बायकोचे हिवाळी कोट दोन्ही कानांना टेकलेले,
फळीवर माइक, बिस्किटांच्या डब्यावर लॅपटॉप,
आणि फ्रीज बंद.
दिवसभर मी ओझुर्गेतीत लोकांचे फ्रीज दुरुस्त करतो,
रात्री स्वतःचा बंद ठेवतो,
त्याची घरघर गाण्यात उतरते म्हणून.
दोनदा दूध नासलं. लामारा काही बोलली नाही.

गाणं तिघांचं. आमच्याकडे बहुतेक तिघांचीच असतात.
वरचा आवाज रामाझचा, तो पोलंडमध्ये ट्रक चालवतो.
मधला माझा.
खर्ज बोंडोकाकांचा,
आणि त्यांनी कवळी बसवल्यापासून
जेवण सोडून कशालाच तोंड उघडलेलं नाही.

म्हणून तिघंही मीच झालो.
माझाच आवाज उचलून वर नेला,
माझाच सोडला खाली, बारा पायऱ्या,
विहिरीत बादली सोडावी तसा.
आधी तो यंत्रासारखा बोलला.
मग एक बटण जरा डावीकडे, एक केसभर उजवीकडे,
पहाटे तीनला माणूस वाटायला लागला,
दाढीवाला, थोडा जाड.
मला त्याची भीतीच वाटली.

वरून घुमारा ओतला,
रस्सा पचपचीत झाला की मीठ टाकत राहावं, तसा.

रामाझनं कुठल्याशा पार्किंगमधून ऐकलं.
'झकास,' म्हणाला, 'पण हे कुठल्या चर्चमध्ये गायलास?
आपण तर हे मका सोलताना म्हणायचो.'
घुमारा निम्मा केला. मग निम्म्याचा निम्मा.
कोट पुन्हा ऐकू यायला लागले.

लामारा भांडी घासता घासता म्हणाली,
'मध्येच तू मला हाक मारतोयस.'
मारली होती. टॉवेल हवा होता.
ते कापलं.

बोंडोकाकांनी हेडफोन एकाच कानाला लावला,
दुसरा कुत्र्यासाठी मोकळा.
मांडीवर सुपात हेझलनट.
'पुन्हा लाव.'
लावलं.
'पुन्हा.'
'हा खालचा कोण?'
'मीच.'
'बरा आहे. सूर सोडत नाही.'
एक नट फोडला, किडका निघाला, अंगणात भिरकावला.
'पण तुम्ही तिघंही एकाच ठिकाणी दम घेता.
मला वाटलं, वीज गेली.'

मी तोंड उघडणार, तोच म्हणाले,
'एकानं दम घेतला की दोघांनी धरून ठेवायचं असतं.
गाण्याला पत्ता लागू द्यायचा नाही.
तुझा बाप शेवटच्या ओळीच्या अलीकडे थकायचा.
तेवढं मी लांबवायचो.
एवढी वर्षं. त्याला कधी सांगितलं नाही.'
आणि पुन्हा नट फोडू लागले.

घरी येऊन पडद्यावर पाहिलं.
तीन रांगा, हिरवी, निळी, तपकिरी,
आणि तिन्हींत एकाखाली एक तीच फट,
भिंतीला उभी चीर जावी तशी.
इतके दिवस वारा तिथून येत होता
आणि मी फ्रीजला बोल लावत होतो.

वरचा पुन्हा गायलो, नको तिथे दम घेऊन.
मधला, दुसऱ्याच नको तिथे.
बरगड्या दुखल्या.
तपकिरी रांग पुसून टाकली.
आता तीन मिनिटं चाळीस सेकंद
खाली कोणी नाही.
तसंच पाठवलं, काकांच्या नातवाच्या फोनवर.
सोबत काही लिहिलं नाही. काय लिहिणार?

दोन निळ्या खुणा आल्या.
चार दिवस तेवढंच.
लामारानं फ्रीज लावला, नवं दूध आणलं.

काल रात्री उशिरा फोन थरथरला.
अकरा सेकंद.
खोकला,
पाण्याच्या ग्लासात कवळी टाकल्याचा आवाज,
लांबवर कुत्रा,
आणि अगदी शेवटी, तुटण्याआधी,
कोणीतरी पोटापासून दम घेतला.